ग्लानसेवा : रुग्णाच्या उशाशी उभे राहणारे हात

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात रुग्णसहायक प्रशिक्षण वर्गाच्या शुभारंभप्रसंगी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जैन समाजाने दवाखाने बांधले, रुग्णवाहिका दिल्या, यंत्रसामग्रीसाठी मोकळ्या हाताने दान केले. दात्यांची नावे संगमरवरी फलकांवर कोरली गेली आणि ते योग्यच झाले. परंतु रात्री तीन वाजता ज्या रुग्णाला कूस बदलता येत नाही, त्याच्यापाशी फलक येत नाही, यंत्रही येत नाही. तेथे दोन हात यावे लागतात. त्या हातांना काय करावे याचे ज्ञान नसेल, तर लक्षावधी रुपयांच्या इमारतीत रुग्णाच्या पाठीला जखम होते. आणि काय करू नये याचे ज्ञान नसेल, तर त्याच्या जिवावर बेतते. आजचा वर्ग या दोन हातांसाठी आहे.

वैयावृत्त्य : तपांमधील एक तप

तप म्हटले की उपवास, आयंबिल, एकासणे डोळ्यांपुढे येतात. ती बाह्य तपे होत. आभ्यंतर तपे सहा सांगितली आहेत : प्रायश्चित्त, विनय, वैयावृत्त्य, स्वाध्याय, व्युत्सर्ग आणि ध्यान. यांतील वैयावृत्त्य म्हणजे सेवा. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात वैयावृत्त्यास पात्र असणाऱ्या दहा जणांची गणना आहे. त्यांत आचार्य आहेत, उपाध्याय आहेत, तपस्वी आहेत आणि ‘ग्लान’, म्हणजे आजारी, हाही आहे. या गणनेत प्राधान्याने साधुसंघाचा विचार असला, तरी श्रावकाने त्यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. आजाऱ्याची सेवा हे स्वाध्याय आणि ध्यान यांच्या पंक्तीत बसणारे तप आहे.

श्वेतांबर परंपरेत नंदिषेण मुनींची कथा प्रसिद्ध आहे. पारण्याच्या वेळी, घास हाती असताना, गावाबाहेर एक साधू अतिसाराने पडल्याची वार्ता आली. मुनी तसेच उठले. त्यांनी त्या साधूला खांद्यावर घेतले. वाटेत त्याने त्यांचे अंग मलाने भरवले, वर दुर्भाषणही केले. मुनींच्या मनात विचार आला तो एवढाच, की याला आराम कसा पडेल? तो आजारी साधू वस्तुतः परीक्षा घेण्यास आलेला देव होता. दिगंबर परंपरेत निर्विचिकित्सा अंगाचे उदाहरण म्हणून राजा उद्दायनाचे नाव घेतात. कुष्ठग्रस्त मुनीच्या वेषात आलेल्या देवाने आहारानंतर राजाच्या अंगावर वमन केले. राजाने किळस न मानता स्वतःलाच दोष दिला, की आपल्याकडून प्रतिकूल आहार दिला गेला असावा. आणि त्याने मुनींचे शरीर स्वच्छ केले.

दोन्ही कथांमध्ये कसोटी एकच आहे : जुगुप्सा जिंकण्याची. बेडपॅन उचलणारा हात आज तीच कसोटी दररोज देत असतो. फरक एवढाच, की त्याच्या कामाची कथा कोणी सांगत नाही.

करुणेला शिक्षणाची जोड

तथापि केवळ करुणा पुरत नाही. १८५४ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल युद्धातील जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी तुर्कस्तानातील स्कुटारी येथे गेल्या आणि १८६० मध्ये त्यांच्या प्रेरणेने लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. स्वच्छ हवा, प्रकाश, शांतता, स्वच्छता आणि रुग्णाचे बारकाईने निरीक्षण या गोष्टींवर त्यांचा भर होता. महाराष्ट्राला तर सेवेचा आदर्श बाहेरून आणण्याची गरज नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. सेवा करणाऱ्याचा स्वतःचा जीवही पणाला लागलेला असतो, हे या घटनेवरून ध्यानात येते. म्हणूनच सेवकाला शिक्षण देणे ही त्याच्यावरील आणि रुग्णावरील, दोघांवरचीही दया आहे.

सेवेची ठिकाणे

रुग्णसहायकाला प्रथम ठाऊक असावे ते हे, की आपण कोणत्या ठिकाणी उभे आहोत. शासकीय व्यवस्थेत सर्वांत खालच्या पायरीवर उपकेंद्र असते. सपाट प्रदेशात साधारण ५,००० आणि डोंगरी वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक, असे त्याचे प्रमाण ठरवलेले आहे. त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र. त्याचे प्रमाण अनुक्रमे ३०,००० व २०,००० लोकसंख्येमागे एक. त्यानंतर ३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय आणि शेवटी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. खालच्या ठिकाणी होऊ न शकणारे उपचार वरच्या ठिकाणी पाठवले जातात, यालाच ‘रेफर करणे’ म्हणतात.

खासगी क्षेत्रात लहान नर्सिंग होमपासून अनेक विभागांच्या मोठ्या रुग्णालयांपर्यंत सर्व प्रकार आढळतात. महाराष्ट्रात त्यांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यानुसार होते. याशिवाय डायलिसिस केंद्र, वृद्धाश्रम आणि रुग्णाचे स्वतःचे घर हीदेखील सेवेची ठिकाणे आहेत. जेथे रोग बरा होण्याची आशा उरलेली नाही, तेथे वेदना कमी करून रुग्णाला सन्मानाने राहू देणारी उपशामक सेवा असते. मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये सुरू झालेले शांती आवेदना सदन हे या प्रकारचे भारतातील पहिले केंद्र होय.

रुग्णालयाच्या आतही विभाग असतात. तपासून घरी जाणाऱ्यांसाठी ओपीडी, म्हणजे बाह्यरुग्ण विभाग, दाखल झालेल्यांसाठी वॉर्ड, अकस्मात आलेल्यांसाठी अपघात विभाग, ज्याला सर्वजण कॅज्युअल्टी म्हणतात, शस्त्रक्रियेसाठी ओटी, आणि गंभीर रुग्णांसाठी आयसीयू, म्हणजे अतिदक्षता विभाग. प्रत्येक ठिकाणची शिस्त निराळी असते. वॉर्डात नातेवाइकाला खुर्ची देणे हे सौजन्य ठरते. अतिदक्षता विभागात त्याला विनापरवानगी आत घेणे हा अपराध ठरतो.

कोणाचे काम कोणते

रोगनिदान आणि औषधयोजना हे डॉक्टरांचे काम. त्या योजनेची अंमलबजावणी, इंजेक्शन, सलाईन, औषधांचे वाटप आणि रुग्णाच्या प्रकृतीवर अखंड लक्ष हे परिचारिकेचे काम. परिचारिकेची ‘जीएनएम’ पदविका ३ वर्षांची आणि बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी ४ वर्षांची असते. तिची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झालेली असते. वॉर्डाची जबाबदारी इन्चार्ज सिस्टरकडे असते. शासकीय रुग्णालयात त्यांना परिसेविका आणि सर्व परिचारिकांच्या प्रमुखाला अधिसेविका म्हणतात. याखेरीज रक्त तपासणारे लॅब टेक्निशियन, औषधे देणारे फार्मासिस्ट, हालचाल शिकवणारे फिजिओथेरपिस्ट आणि पथ्य सांगणारे आहारतज्ज्ञ असतात. खेडोपाडी आरोग्यसेविका आणि २००५ नंतर आशा स्वयंसेविका यांनी घरोघर आरोग्यसेवा पोहोचवली आहे.

या सर्वांच्या जोडीला रुग्णसहायक असतो. कौशल्य विकासाच्या अभ्यासक्रमात त्याला ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ म्हणतात. वॉर्डात त्यालाच मामा, तिलाच मावशी म्हणतात. स्नान घालणे, तोंड धुणे, केस विंचरणे, चादर बदलणे, घास भरवणे, बेडपॅन वा युरिनल देणे, कूस बदलणे, चाकाच्या खुर्चीवरून वा स्ट्रेचरवरून नेणे, सिस्टरच्या सूचनेनुसार ताप व नाडी मोजून नोंदवणे ही त्याची कामे. इंजेक्शन देणे, सलाईनचा वेग बदलणे, स्वतःच्या विचाराने गोळी देणे, रोगाविषयी नातेवाइकांना मत सांगणे ही त्याची कामे नव्हेत. नातेवाईक आग्रह करतील, हातावर शंभराची नोट ठेवतील, तरीही नव्हेत. स्वतःची मर्यादा ओळखणे हा या सेवेतील पहिला विनय आहे.

वॉर्डातील भाषा

नवख्या माणसाला वॉर्डातील संक्षेप परके वाटतात. परंतु ते थोडेच आहेत. औषधाच्या नोंदीत ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपताना, एसओएस म्हणजे गरज पडल्यास आणि स्टॅट म्हणजे ताबडतोब. औषध देण्याचे काम सहायकाचे नसले, तरी हे शब्द कानावर पडतात तेव्हा त्यांचा अर्थ कळला पाहिजे. सर्वांत महत्त्वाचे अक्षर-त्रिकूट म्हणजे एनबीएम : तोंडावाटे काहीही द्यावयाचे नाही. खाटेवर ही पाटी असताना दयेपोटी दिलेला घोटभर चहा भुलीच्या वेळी उलटी होऊन फुप्फुसात जाऊ शकतो. येथे दया ही अज्ञानामुळे हिंसा होऊन बसते.

‘व्हायटल्स’ म्हणजे जीवनचिन्हे. प्रौढ माणसात तापमान सुमारे ९८.६ अंश फॅरेनहाइट, नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास मिनिटाला १२ ते २०, रक्तदाब साधारण १२०/८० आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ९५ टक्के किंवा अधिक. लहान मुलांची नाडी व श्वास याहून जलद असतात. श्वास मोजताना रुग्णाला सांगू नये. सांगितले की तो श्वासाची गती बदलतो. नाडीवर बोटे तशीच ठेवून छातीकडे पाहावे.

‘इनटेक-आऊटपुट’ म्हणजे किती द्रव पोटात गेले व किती बाहेर पडले याचा हिशेब. व्यापारी समाजाला हे सांगणे सोपे आहे : ही रुग्णाची रोजकीर्द होय. पेढीवर जमा-खर्चाची नोंद त्याच दिवशी होते. आठवणीवर विसंबणाऱ्याचा ताळेबंद जुळत नाही. रुग्णाच्या तक्त्याचेही तसेच आहे. मोजले तेवढेच लिहावे, लिहिण्यापूर्वी मोजावे आणि राहून गेलेली नोंद अंदाजाने भरू नये. खोटी नोंद कोऱ्या जागेपेक्षा अधिक घातक, कारण कोरी जागा पाहून डॉक्टर विचारतात आणि खोटा आकडा पाहून ते औषध ठरवतात.

हात, पाठ आणि सुई

जैन आचारात ‘जयणा’ या शब्दाला मोठे स्थान आहे. प्रत्येक क्रिया सावधपणे, कोणाला इजा होणार नाही अशा रीतीने करणे म्हणजे जयणा. रुग्णालयात तिचे पहिले रूप म्हणजे हातांची स्वच्छता. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग सांगितले आहेत : रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक कृतीपूर्वी, रक्त किंवा शरीरद्रवाशी संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या खाटेभोवतीच्या वस्तूंना स्पर्श केल्यानंतर. साबण-पाण्याने पूर्ण कृतीला ४० ते ६० सेकंद लागतात. हातावर चोळावयाच्या द्रवाने २० ते ३० सेकंद. हातमोजे घातले म्हणून हात धुण्यातून सुटका होत नाही.

दुसरे रूप पाठीची राखण. हालचाल न करू शकणाऱ्या रुग्णाची कूस सर्वसाधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते. माकडहाड, टाचा, खुबे, कोपरे, खांद्याची हाडे आणि डोक्याचा मागचा भाग येथे दाब पडून रक्तपुरवठा थांबतो. प्रथम लाली येते, मग कातडी फाटते, मग हाडापर्यंत जखम जाते. चादरीला पडलेली एक सुरकुती, ओला राहिलेला एक कोपरा, एवढेही दुर्बल त्वचेला पुरते. लाल झालेली जागा चोळू नये. तिच्यावरील भार काढावा आणि सिस्टरना दाखवावी. कॅथेटर असेल तर लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली राहील अशी टांगावी. जमिनीवर मात्र टेकवू नये.

तिसरे रूप कचऱ्याचे वर्गीकरण. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे रक्ताने माखलेला कापूस व पट्ट्या पिवळ्या पिशवीत, नळ्या, सलाईनच्या प्लास्टिक बाटल्या व हातमोजे लाल पिशवीत, सुया व पाती पांढऱ्या, न भोसकता येणाऱ्या डब्यात आणि काचेच्या बाटल्या निळ्या खुणेच्या खोक्यात जातात. चुकीच्या पिशवीत टाकलेली सुई पुढे कचरा उचलणाऱ्याच्या हातात शिरते. सुई टोचलीच, तर ती जागा साबण-पाण्याने धुवावी, पिळू नये, बोट तोंडात घालू नये आणि लाजेखातर लपवू नये. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते.

उशीखालची गोळी

आता समाजाच्या घरातील एक प्रसंग कल्पून पाहावा. सत्तर वर्षांच्या आजी दाखल आहेत. मधुमेह आहे. चौविहाराचा नियम अनेक वर्षांचा. रात्री नऊ वाजता गोळी मिळते. त्या ‘घेते हं’ म्हणून हातात घेतात आणि उशीखाली ठेवतात. पुढे पर्युषण येते. आजी कोणाला न सांगता उपवास धरतात, परंतु सकाळची साखरेची गोळी मात्र घेतात. दुपारी त्यांना दरदरून घाम येतो, हात कापतात, बोलणे असंबद्ध होते.

डॉक्टर सकाळी पाच मिनिटे आले होते. सिस्टरकडे अनेक खाटा आहेत. चादर बदलताना उशीखाली गोळ्या सापडतात त्या रुग्णसहायकाला. न उचललेले ताट दिसते तेही त्यालाच. घामाने भिजलेला हात त्याच्याच हातात असतो. त्या क्षणी त्याने काय करावे? गोळ्या गुपचूप टाकून देऊ नयेत. ‘या वयात कसले उपवास!’ असे म्हणून आजींच्या श्रद्धेचा उपहास करू नये. शुद्ध हरपत असलेल्या रुग्णाच्या तोंडात साखर वा पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. त्याने तत्काळ सिस्टरना हाक मारावी आणि जे पाहिले ते जसेच्या तसे सांगावे : गोळ्या उशीखाली आहेत, सकाळपासून आहार नाही, घाम व कंप आता सुरू झाला. या तीन वाक्यांवर आजींचे प्राण अवलंबून असू शकतात.

आणि मग पुढचे काम कुटुंबाचे व समाजाचे. व्रत लपवून करावे लागावे अशी भीती आजींच्या मनात कोणी घातली? डॉक्टरांना आधी सांगितले असते, तर कित्येक औषधांची वेळ सूर्यास्तापूर्वी आणता आली असती किंवा मात्रा बदलता आली असती. बहुतेक पच्चक्खाणांत आगार, म्हणजे सवलती, सांगितलेल्याच आहेत. तीव्र व्याधीत चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याचा आगार त्यांत आहे. महाराजसाहेबांना वा पंडितजींना विचारले तर ते याचा खुलासा करतात. औषधाचा निर्णय डॉक्टरांचा, व्रताचा निर्णय रुग्णाचा व गुरूंचा. आणि दोघांना जोडणारी बातमी देणारा मात्र उशाशी उभा असलेला तो सहायक. तो अशिक्षित असून चालेल का? किंवा त्याला घाबरवून गप्प बसवलेले चालेल का?

समाजाचे ऋण

म्हणून या वर्गाची जबाबदारी केवळ विद्यार्थ्यांवर नाही. सहायकाने रुग्णाला ‘सात नंबर’ म्हणू नये. ‘आजी’, ‘काका’, ‘ताई’ म्हणावे, ‘तुम्ही’ म्हणावे, पडदा ओढून मगच स्नान घालावे आणि वॉर्डात ऐकलेले वॉर्डातच ठेवावे. तसेच कुटुंबानेही त्याला ‘ए मामा’ म्हणून चुटकी वाजवून बोलावू नये. त्याला नाव आहे, ते विचारावे. घरी ठेवलेल्या मावशींना झोपेचे तास, साप्ताहिक सुटी, ठरल्या तारखेला वेतन आणि स्वच्छ जागी जेवण मिळावे. संस्थांनी रुग्णसेवेत येणाऱ्या प्रत्येकाला हेपॅटायटिस-बी लसीच्या तिन्ही मात्रा द्याव्यात. पहिली आज, दुसरी महिन्याने, तिसरी सहा महिन्यांनी. एका खोलीच्या बांधकामाला लागणाऱ्या देणगीच्या मानाने हा खर्च नगण्य आहे.

ज्या समाजाने पांजरपोळांतून लंगड्या, म्हाताऱ्या, निरुपयोगी ठरलेल्या गुरांनाही आसरा दिला, त्याला ग्लान माणसाची सेवा करणाऱ्याचा सन्मान करणे अवघड जाऊ नये. पन्नास वर्षांत संस्थेच्या भिंती उभ्या राहिल्या. पुढील काळात त्या भिंतींच्या आत वावरणारे हात घडले पाहिजेत.

वर्गात बसलेल्या भगिनी व बंधूंनो, नंदिषेण मुनींच्या खांद्यावर जे ओझे होते तेच उद्या आपल्या हाती येणार आहे. ते सावधपणे उचलावे, प्रामाणिकपणे नोंदवावे आणि न कळल्यास निःसंकोच विचारावे. विचारणाऱ्याच्या हातून रुग्णाचा घात होत नाही.

बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.